स्कॅनच्या सकाळचा चहा

कुंदन तिसऱ्यांदा बायकोला न्यायला देवळ्याला आला आणि तिसऱ्यांदा एकटाच परत निघाला. स्टँडवर एसटी लागल्यावर तो सासऱ्याला म्हणाला, "नाना, प्रेसमध्ये सारखी रजा मिळत नाही. आता मी येणार नाही. तिला नांदायचं असेल तर तिनं यावं, नाहीतर काय ते एकदा सांगून टाका."

गोरक्षनं नुसती मान हलवली. बाजार समितीत काट्यावर तीस वर्षं मापारी म्हणून वजनं पुकारत काढलेला माणूस, पण जावयाची पिशवी तेवढी त्यानं गाडीत चढवून दिली. योगिनीच्या लग्नाला आठ महिने झाले होते. त्यातले शेवटचे दोन ती माहेरीच बसून होती. कारण गावाला ठाऊक होतं. सासूनं, नवसाबाईनं, भलत्या वेळी चहा पाजला म्हणून आपली आई, कुसाबाई, गेली, असं योगिनी दहाव्याला साऱ्या भावकीसमोर बोलली होती. ते खरं नव्हतं, आणि हे गोरक्षला ठाऊक होतं.

झालं होतं ते असं. कुसाबाईला जिना चढताना धाप लागायची, डावा खांदा आणि जबडा दुखायचा. गावातल्या डॉक्टरनं वर्षभर पित्ताच्या गोळ्या दिल्या. गोरक्षही म्हणायचा, "वायू धरलाय, ओवा खा." शेवटी २००५च्या दिवाळीनंतर नाशिकच्या हृदयाच्या डॉक्टरला दाखवलं. कार्डिओग्राम बरा आला, पण डॉक्टरचं समाधान होईना. चालत्या पट्ट्यावर चालवायचं, तर हिचे गुडघे गेलेले. मग ते म्हणाले, "स्कॅन करू. चिरफाड काही नाही. सुईतून औषध देतो, पळाल्यावर वाढतं तसं हृदयाला जाणारं रक्त वाढतं. मग कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचे. कुठली नस तुंबली असेल तर त्या भागाला रक्त कमी पोचलेलं दिसतं." आणि बजावलं, चोवीस तास आधी चहा-कॉफीचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. चहा पोटात असला की ते औषध लागू पडत नाही.

कुसाबाई दिवसाला सहा कप चहा पिणारी. आदल्या दिवशी डोकं धरून बसली आणि म्हणाली, "एवढा कडक उपास तर मी तुमच्यासाठी बी कधी धरला नाय."

सकाळी आठचा नंबर होता, म्हणून दोघं आदल्या दिवशी नाशिक रोडला लेकीच्या घरी मुक्कामाला गेली. लग्नानंतरचा हा पहिलाच मुक्काम. मांडवात मानाच्या साडीवरून नवसाबाई रुसल्या होत्या, तेव्हापासून गोरक्ष त्यांना वचकून असायचा. आईच्या हृदयाला काही झालंय हे सासरी कळू नये, असं त्यानंच मायलेकींना सांगितलं होतं. साधी तपासणी आहे, एवढंच विहिणीला माहीत.

सकाळी योगिनी अंघोळीला गेली होती. नवसाबाईंनी आलं घातलेला चहा आणला. कुसाबाईनं हात जोडले, "नको विहीणबाई, आज नको."

"का हो? आमच्या घरचा चहा चालत नाही का? की मांडवातलं अजून मनात आहे?" नवसाबाई हसत बोलल्या, पण गोरक्षनं कप त्यांच्या हातून घेऊन कुसाबाईपुढं धरला.

"घे की," तो म्हणाला. "अर्ध्या कपानं काय होतंय? पोरगी नांदायचीय इथं."

कुसाबाईनं त्याच्याकडं एकदा पाहिलं, बशीत ओतला आणि पिऊन टाकला.

स्कॅन सेंटरमधल्या मुलीनं कागद भरताना विचारलं, "चहा, कॉफी काही घेतलंय?" गोरक्षनं कुसाबाईला कोपर लावलं. पण ती बाई खोटं बोलणारी नव्हती. "घेतलाय. अर्धा कप." मुलीनं फाईल मिटली. औषध ठरलेल्या दिवशीच मुंबईहून येतं, येत्या गुरुवारची यादी भरली आहे, त्याच्या पुढच्या गुरुवारी या, असं सांगितलं.

दुपारी योगिनीनं फोनवर विचारलं तेव्हा गोरक्ष म्हणाला, "तुझ्या सासूनं चहा पुढं केला, मग आईला नाही म्हणवलं नाही." एवढंच. यात खोटं काही नव्हतं, म्हणून त्याची जीभही अडली नाही.

नंबर यायला दोन दिवस होते. मंगळवारी सकाळी तारेवर कपडे वाळत घालता घालता कुसाबाई खाली बसली, ती उठलीच नाही.

दहाव्याला योगिनी ओरडली, "तुम्ही मारलं माझ्या आईला!" नवसाबाईंनी गोरक्षकडं पाहिलं. गोरक्षनं मान खाली घातली. त्या न जेवता निघून गेल्या.

आता जावयाची गाडी गेल्यावर गोरक्ष घरी आला. योगिनी मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "योगिनी, आईला चहा मी प्यायला लावला."

तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "नाना, पुरे. साडीवरून त्या रुसल्या, तेव्हाही चूक आपलीच म्हणून तुम्ही पाया पडलात. आता हेही अंगावर घ्या. माझा संसार टिकावा म्हणून खोटं बोलू नका."

"खोटं नाय बोलत. ती नको म्हणत होती. मीच घे म्हणलो. रिक्षात ती मला काय म्हणली सांगू? 'तुम्हाला माझ्यापेक्षा इहीण जड वाटली.'"

योगिनीचा हात थांबला. हे बोलणं आईचंच होतं, नानांना असलं रचता आलं नसतं.

"तुम्ही घे म्हणालात ते सासूबाईंनी ऐकलं?"

"समोरच उभ्या होत्या."

"मग दहाव्याला त्या बोलल्या का नाहीत?"

"त्यांनी कशाला बोलायचं? बोलायला मी होतो ना तिथं."

तिनं मेथीची जुडी बाजूला सारली. मग म्हणाली, "दोन महिने मी त्या बाईला नाही नाही ते बोलतेय. आणि तुम्ही समोर बसून जेवत होता."

तिनं तासाभरात पिशवी भरली. गोरक्षनं पायात चपला घातल्या. "मी येतो सोडायला. विहीणबाईंची माफी मागतो."

"नको. तुम्ही आलात की त्या आधी तुम्हालाच बसायला पाट देतील. आणि तुम्ही बसाल, माफी तशीच राहील."

पिशवी तिनं त्याच्या हाती दिली नाही. त्यानंतर योगिनी देवळ्याला आली ती आईच्या वर्षश्राद्धाला, नवऱ्याबरोबर आणि सासूबरोबर. पंगती उठल्यावर त्यांच्याबरोबरच परत गेली. गोरक्षशी ती नीट बोलली, परक्या माणसाशी बोलावं इतकी नीट.