हार्ड डिस्कच्या तोंडात पेढा

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि माझ्या तोंडात तेरा महिने पेढा होता. पेढ्याचा विषय पुढं येईलच. आधी माझी ओळख सांगते, कारण ती विचारायला सहसा कुणी येत नाही.

माझा रंग काळा, आकार पत्त्यांच्या जोडाएवढा. वायर घालायला एक खाच आहे, तिलाच मी तोंड म्हणते. माझा जन्म दूरदेशी अशा खोलीत झाला, जिथं धुळीचा एक कणही येऊ देत नाहीत. तिथली माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असत आणि शिंकायची परवानगी कुणालाच नव्हती. तिथून बोटीनं, ट्रकनं आणि शेवटी एका स्कूटरच्या डिकीतून मला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आणलं. पंचतारांकित हा शब्द ऐकून मी वेगळ्याच कल्पना केल्या होत्या. मला नेलं फौंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात. तिथं हवेतच काळी वाळू असते आणि शिंकायची परवानगी सगळ्यांना आहे.

कारखाना वर्धमान आण्णांचा. आण्णा कुरुंदवाडचे, वय सत्तरीच्या पुढं. चाळीस वर्षं त्यांनी पेन्सिलीनं ड्रॉइंग काढली. गुऱ्हाळाच्या चरकाचं चाक, पंपाचं पोट, भातगिरणीचा दातेरी गोल, असलं सगळं. ड्रॉइंगवरून लाकडाचा नमुना करतात, नमुना वाळूत दाबून साचा करतात, साच्यात लोखंड ओततात. ड्रॉइंग गेलं की पुढचं सगळंच गेलं. अशी अकराशे त्रेसष्ट ड्रॉइंग होती. क्रांती नावाची मुलगी डिप्लोमा करून नुकतीच कामाला लागली होती. तिनं आण्णांच्या शेजारी बसून तीन वर्षांत ती सगळी कॉम्प्युटरवर उतरवली. मग कागदाच्या गुंडाळ्या आण्णांनी कुरुंदवाडच्या घरी ट्रंकेत नीट ठेवल्या. दोन हजार एकोणीसच्या महापुरात ती ट्रंक सात दिवस पाण्याखाली होती. उघडली तेव्हा आत लापशी निघाली.

त्यानंतर आण्णांचा हात थरथरायला लागला. चहाचा कप ते दोन हातांनी धरतात. त्यामुळं आता ती ड्रॉइंग कॉम्प्युटरात होती तेवढीच.

माझं काम साधं होतं. दर शनिवारी दुपारी क्रांती मला ड्रॉवरमधून काढायची, वायर जोडायची, आणि आठवडाभराचं सगळं माझ्यात उतरवायची. चाळीस मिनिटं. उरलेला आठवडा मी ड्रॉवरमध्ये एका स्टेपलरशेजारी. स्टेपलर मितभाषी होता.

ऑफिसात एक मोठी पेटी होती. तिच्यात चार डिस्क एकत्र राहायच्या. रात्रंदिवस चालू, एकमेकींच्या अंगाला अंग. त्यांची व्यवस्था अशी होती, की एक मेली तर उरलेल्या तिघी मिळून तिच्या पोटातलं सगळं जसंच्या तसं सांगू शकत. मी ड्रॉवरच्या फटीतून त्यांचे चार हिरवे दिवे बघायची. माझ्या पोटातलं कुणाला माहीत होतं? स्टेपलरला तर नाहीच.

आण्णांचा मुलगा अरिहंत कोल्हापुरात राहतो. त्याला नव्याची फार आवड. एकदा तो परिषदेहून आला आणि त्यानं क्लाउड घेतला. क्लाउड म्हणजे आपल्या फायली नेटवरून कुठंतरी लांब, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायच्या. आपण इथं जे बदलू, ते तिथं आपोआप बदलतं. आण्णांनी विचारलं, "कुठं ठेवलंय म्हणायचं?"

"वर, आण्णा."

आण्णांनी छताकडं बघितलं. महापुरानंतर त्यांना वर ठेवलेली कुठलीही गोष्ट पटायची.

क्लाउड जुन्या प्रतीही जपून ठेवत होता. अरिहंतनं ती सोय बंद केली. त्याचं म्हणणं, जुनं कशाला पाहिजे, जागा खातंय.

त्याच वर्षीची खंडेनवमी. कारखान्यात त्या दिवशी पाने, हातोडे, भट्टी, कॉम्प्युटर, सगळ्यांना झेंडूच्या माळा आणि हळदकुंकू. पूजेचं शालूबाई बघतात. एरवी त्या झाडलोट आणि चहा करतात, पण त्या दिवशी कारखाना त्यांचाच असतो. त्यांनी मला पहिल्यांदाच ड्रॉवरमधून काढून पाटावर मांडलं. इतक्या जणांत बसायची मला सवय नव्हती. डाव्या हाताला चोवीस नंबरचा पाना, उजव्या हाताला वेल्डिंगचा चष्मा. शालूबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, मग पेढ्याचा कण चिमटीत घेऊन तोंड शोधलं. मला एकच तोंड आहे. त्यांनी तो अंगठ्यानं नीट आत दाबला.

माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस. त्यानंतरच्या शनिवारी मी लागले नाही.

क्रांतीनं वायर चारदा फिरवली, पण ती आतवर बसेचना. अरिहंत म्हणाला, "गेली ती. टाक ई-कचऱ्यात. आता वर आहे की सगळं."

शालूबाई झाडू घेऊन दारात थांबल्या. "पूजा झालेली वस्तू कचऱ्यात टाकायची न्हाय."

"मग काय करायचं, मावशी?"

"व्हात्या पाण्यात सोडायची."

"पंचगंगेत हार्ड डिस्क?" क्रांती म्हणाली.

"तुमचं जुनं क्यालेंडर सोडतोय न्हवं? त्यात काय कमी माहिती असती काय?"

आण्णा आतून म्हणाले, "नदीत काय टाकायचं नाही. ती मग घरी येती."

अशा रीतीनं ना कचऱ्यात, ना नदीत, मी देवाच्या कपाटात गेले. तिथं मागल्या वर्षांची देवांची कॅलेंडरं होती, काच तडकलेली एक तसबीर होती आणि एक नारळ होता. सुरुवातीला मी नारळाशी बोलून बघितलं. शेजारी भट्टीवर क्रेन हलली की त्याच्या आत पाणी हलायचं, तेवढंच उत्तर. उन्हाळ्यात तेही आटलं. मग मी माझ्याच पोटातली ड्रॉइंग एकेक करून आठवत बसायची. अकराशे त्रेसष्ट झाली की परत एकपासून. पुढच्या खंडेनवमीला शालूबाईंनी कपाट उघडलं, माझ्याकडं बघून हात जोडले आणि नवा नारळ ठेवून गेल्या. नवा नारळही फारसा बोलका नव्हता.

मग नोव्हेंबरात ते घडलं.

अरिहंतला एक मेल आला. आपली 'जागतिक उदयोन्मुख ओतकाम सम्राट' म्हणून निवड झाली आहे, खालचं बटण दाबून आपला फोटो जोडावा. त्यानं फेटा बांधून खास फोटो काढला होता. तो जोडला आणि बटण दाबलं. अर्ध्या तासात कारखान्यातल्या प्रत्येक फायलीला परकं कुलूप लागलं. पडद्यावर इंग्रजीत पत्र आलं, की किल्ली पाहिजे असेल तर खंडणी द्या. खाली घड्याळ उलटं चालत होतं.

पेटीतल्या चौघी बहिणींनी एकमेकींना तंतोतंत साथ दिली. एकीत जे कुलूपबंद झालं, ते चौघींत कुलूपबंद झालं. क्लाउडनंही इमानानं काम केलं. खाली जे बदललं, ते त्यानं वर बदललं. जुनी प्रत मागितली, तर ती ठेवायची नाही असं त्याला आपणच सांगितलं होतं.

कपाटाच्या फटीतून मला आण्णा दिसत होते. तीन दिवस ते क्रांतीच्या शेजारच्या खुर्चीवर बसून होते, तीन वर्षं बसले होते त्याच खुर्चीवर. तासातासानं विचारायचे, "एखादं तरी उघडलं काय गं?"

"न्हाय, आण्णा. बघायलोय."

चौथ्या दिवशी त्यांनी कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि चरकाचं चाक काढायला बसले. गोल पुरा झाला नाही. ज्वारीचं शेत वाऱ्यात हलावं तशी रेघ आली. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. अरिहंतनं ते बघितलं आणि तो बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

शालूबाई चहा घेऊन आल्या. "ती कपाटातली डबी बघितली काय?"

"ती मेलीया, मावशी," क्रांती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"लागलीच न्हाय त्या वक्ताला."

"पावसाळ्यात तू तरी कुठं कामाला लागलीस? सात दिवस तापानं पडलतीस. तुला कुणी कपाटात ठिवलं काय?"

क्रांती उठली. तेरा महिन्यांनी मला माणसाचा हात लागला. तिनं मोबाइलची बॅटरी माझ्या तोंडात मारली आणि बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, ह्यात पेढा हाय."

"व्हय. मीच भरवलता."

पुढचा दीड तास क्रांती टाचणी, दात घासायचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन माझ्या तोंडाशी बसली. पेढा दगड झाला होता. शेवटचा कण निघाल्यावर अरिहंतनं घाईघाईनं आपल्या लॅपटॉपची वायर पुढं केली. क्रांतीनं त्याच्या मनगटावर फटका मारला. मालकाच्या.

"सर, ह्या हापिसातल्या कशालाच हिला लावायचं न्हाय. रोग हाय तो. ही पण जाईल."

तिनं घरून भावाचा जुना लॅपटॉप आणला, नेट बंद केलं आणि वायर जोडली. मित्रांनो, खरं सांगते, मलाच खात्री नव्हती. तेरा महिने गप्प असलेलं माणूस बोलेल की खोकेल, काय सांगावं. मी आधी दोनदा खरखरले. मग माझा दिवा लागला.

पहिल्या नंबरचं ड्रॉइंग उघडलं. चरकाचं चाक. आण्णा चष्मा पुसून पुढं झाले, पडद्याला नाक लागेपर्यंत.

"तेराव्या दाताचं माप चुकलंय," ते म्हणाले.

क्रांती घाबरली. "बिघडलं काय, आण्णा?"

"नाही. तवाच चुकलंतं. माझंच हाय हे."

मग त्यांनी खिशातली घडी काढली, फाडली आणि चहा मागितला.

त्या तेरा महिन्यांत क्रांतीनं केलेली एकेचाळीस नवी ड्रॉइंग माझ्यात नव्हती. ती क्रांतीनं दोन महिने बसून परत काढली. माझी मात्र खूप वाहवा झाली. एमआयडीसीतले लोक मला बघायला आले. एकानं सेल्फी काढला. शहरातून एक सल्लागार आला आणि त्यानं नवे नियम घालून दिले. प्रती तीन, दोन वेगवेगळ्या जागी. क्लाउडवरची प्रत अशी, की नव्वद दिवस ती कुणालाच पुसता येणार नाही, मालकालासुद्धा. ही सोय चालू झाल्यावर अरिहंतनं सगळ्यात आधी आपला फेट्यातला फोटो पुसायचा प्रयत्न केला. सोय उत्तम चालते असं सिद्ध झालं.

आणि शेवटचा नियम माझ्यासाठी. ही डिस्क शनिवारची चाळीस मिनिटं सोडून कशालाही जोडायची नाही. ना नेटला, ना कुणा यंत्राला. सल्लागार म्हणाला, "ही वाचली कारण ही एकटी होती. हिला एकटीच ठेवा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला लोखंडी कपाटात ठेवलं. स्टेपलर बाहेरच राहिला.

पण आता माझ्यासारखीच दुसरी एक आहे. तिच्या पोटात तीच अकराशे त्रेसष्ट ड्रॉइंग, तेराव्या दाताच्या चुकीसकट. ती आण्णांच्या कुरुंदवाडच्या घरी, दुसऱ्या मजल्यावर असते. दर महिन्याला आमची अदलाबदल होते. दोघी कधीही एका छताखाली यायच्या नाहीत, म्हणजे आग लागली, पूर आला, तरी एक राहील. हा नियम आण्णांनी इतका मनावर घेतलाय, की अदलाबदल ते कारखान्यात होऊ देत नाहीत, घरातही नाही. पहिल्या शनिवारी ते गाडीनं कुरुंदवाडहून निघतात, क्रांती स्कूटरवरून कागलहून निघते, आणि हुपरीच्या अलीकडं एका चहाच्या टपरीवर दोघं भेटतात. टपरीवर छत आहे, म्हणून बाहेरच्या बाकावर बसतात.

आम्ही हरवलो तर कुणाला वाचता येऊ नये, म्हणून आमच्यावर परवलीच्या शब्दाचं कुलूप आहे. आण्णा तो शब्द टपरीवर मोठ्यानं विचारून खात्री करून घेतात. क्रांतीनं तो आतापर्यंत पाच वेळा बदललाय. मग आण्णा एक नंबर सांगतात. "आज चारशे बारा उघडून दाव." दुपारी कारखान्यात परतल्यावर, शनिवारच्या त्याच चाळीस मिनिटांत, क्रांती मला किंवा तिला जोडून तेवढं ड्रॉइंग उघडते आणि आण्णांना फोन करते. आम्ही जिवंत आहोत का, हे आता दर महिन्याला कुणीतरी विचारतं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कपाटात माझ्यासारखी कुणी असेल. लग्नाचे फोटो असतील तिच्यात, नाहीतर कुणाचा आवाज. तिला एकटं ठेवा, हरकत नाही, ते तिचं कामच आहे. पण वर्षातून एकदा तरी काढा आणि उघडून बघा. पूजा करायची असेल तर करा. पेढा लांबून दाखवा.

टपरीवरच्या बाकावर आण्णांची पिशवी आणि क्रांतीची पिशवी शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. एकीत मी, एकीत ती. वायर नसल्यामुळं बोलता येत नाही. आण्णा कप दोन हातांनी धरतात, त्यामुळं त्यांना चहा प्यायला वेळ लागतो. मला त्याची काहीच घाई नसते.