रक्ताला गरम पाणी

भिंगरीची छाती काही मोकळी होत नव्हती, आणि तिच्या आईला कुणी साधं "काय गं" म्हटलं तरी ती अंगावर धावून जात होती.

आईला कामावर सगळे डागवाली म्हणायचे. एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात धुलाईखाना होता, तिथे चादरी-टॉवेलांवरचे डाग काढणं हे तिचं काम. शाई, दारू, लिपस्टिक, रक्त. वरच्या खोल्यांत माणसं काय काय उद्योग करतात, ते मॅनेजरच्या आधी तिला कळायचं.

भिंगरी तिची एकुलती एक पोर, बारा वर्षांची. लहानपणी एका जागी ठरायची नाही म्हणून बापानं ठेवलेलं नाव. आता जिन्याच्या वळणावरच बसकण मारायची आणि वर ऐकवायची, "मी दमले नाहीये. तुम्हा म्हाताऱ्यांसाठी थांबलेय."

आजार जन्माचा. सिस्टिक फायब्रोसिस. त्यात कफ मुळातच घट्ट, आणि घट्ट कफात जंतू ठाण मांडून बसतात. फुप्फुसांच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा नीट समजावलं होतं.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर धावून जातात. त्यांतल्या काही फुटतात आणि आपल्या पोटातले धागे बाहेर फेकतात. डीएनएचे धागे, विषात भिजलेले. त्यांचं जाळं होतं आणि जंतू अडकतात."

"मग चांगलंच की."

"एखाद्या वेळी चांगलं. हिच्या छातीत रोज तेच चाललंय. जंतू मरत नाहीत, पेशी यायच्या थांबत नाहीत. जाळ्यावर जाळं. ते विष हिच्याच फुप्फुसाला खातं, आणि त्या धाग्यांनी कफाचा चिकट सरस होतो."

डागवालीला हे चटकन कळलं. ड्रायरच्या जाळीत टॉवेलांची लव साचते. वेळच्या वेळी काढली नाही तर तिचा लगदा होतो आणि मशीन धापा टाकायला लागतं. ती म्हणाली, "मग ते धागे कापायचे कशानं?"

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिल्या. "धागे कापणारं औषध आहे. रोज नेब्युलायझरमधून एक कुपी. पेशी मुळात फुटूच नयेत असं औषध शोधताहेत, पण ते अजून माझ्या हातात नाही. हे आहे." मग आवाज उतरला. "हॉस्पिटल एक महिना देईल. फुंकण्याच्या चाचणीत आकडा वर गेला तर पुढे चालू. नाही गेला तर बंद. रांगेत दुसरी मुलं आहेत."

औषधाच्या खिडकीवरच्या माणसानं डोकंही वर केलं नाही. "फ्रीजमध्ये ठेवा गोठवू नका उन्हात ठेवू नका दुसऱ्या औषधात मिसळू नका, पुढचे!" ज्या गोष्टीवर पोरीचा श्वास टांगलाय, ती सांगायला या लोकांकडे दम घ्यायलाही फुरसत नसते. आणि आपण? आपण मान डोलावतो. कारण मागे रांग असते आणि अडाणी दिसायची लाज वाटते.

पहिल्या दिवशी थंडगार औषधाचे तुषार छातीत गेले आणि भिंगरी खोकून खोकून निळी पडली. दुसऱ्या दिवसापासून डागवालीनं युक्ती काढली. कफ सुटावा म्हणून ती भिंगरीची पाठ थोपटायची तोवर कुपी चहाच्या पाण्यात बुडवून ठेवायची, गॅसवरून नुकत्याच उतरवलेल्या. बाळाचं दूध नाही का आपण कोमट करत? खोकला थांबला. भिंगरी मास्कमधून म्हणाली, "आई, तूच डॉक्टर हो. त्या बाईंना चादरी धुवायला पाठवू." डागवाली दिवसभर फुलून गेली होती.

आता महिना संपत आला होता आणि काहीच फरक नव्हता. बेसिनमध्ये पडलेला कफ पाण्यानं हलत नव्हता, ब्रशनं घासून काढावा लागत होता. उद्या चाचणी.

त्या दुपारी धुलाईखान्यात नवी लागलेली बाई रक्ताचे डाग पडलेली चादर घेऊन टाकीपाशी गेली आणि तिनं गरम पाण्याचा नळ सोडला.

"अगं ए शहाणे!" डागवाली ओरडली. "रक्ताला गरम पाणी? अंडं उकडतेस का? एकदा शिजलं की काही केल्या..."

तोंड उघडंच राहिलं.

नवी बाई घाबरली. "थंड घालू का, ताई?"

डागवालीनं पुढे होऊन नळ बंद केला. मग टाकीची कड धरून उभी राहिली. वीस वर्षं ती हेच ओरडत आली होती. गरम पाण्यानं रक्त शिजतं. धुण्याच्या पावडरीतलं डाग खाणारं औषधही उकळत्या पाण्यात मरतं, म्हणून ती पावडर घालायच्या मशीनला गरमचा नळ जोडूच देत नाहीत. फ्रीजमधलं औषध. फ्रीजमध्ये का ठेवायला सांगितलं असेल? शोभेला? पोरीच्या छातीत आपण रोज सकाळी शिजवलेलं पाणी फुंकत होतो.

नवऱ्याला तिनं घरी आल्या आल्या सांगितलं. तो माल पोचवण्याची गाडी चालवायचा, हात अजून काळे होते.

"गप्प बसायचं," तो म्हणाला.

"काय?"

"उद्या तोंड उघडायचं नाही. सांगितलंस तर म्हणतील, यांच्याकडे औषध देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. आज हे औषध गेलं, उद्या दुसरं निघालं तरी आपलं नाव कोण घेईल?"

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर औषध लागू पडलं नाही. पडत नाही एकेकाला. आपल्यावर बालंट नको."

"बालंट! अहो, लागू पडायला ते जिवंत तर हवं ना! पोरीचं काय?"

तो हात धुवायला गेला आणि कितीतरी वेळ धुतच राहिला. त्याला काही पोर नकोशी नव्हती. आयुष्यभर साहेब लोकांनी त्याला एकच शिकवलं होतं, चूक कबूल करणारा पहिला हाकलला जातो. आणि ते खोटंही नव्हतं.

चाचणीच्या खोलीत भिंगरीनं नळी तोंडात धरली. तंत्रज्ञ टाळ्या वाजवत ओरडत होता, "फुंक, फुंक, अजून, अजून!" तिचा चेहरा लाल झाला, गळ्याच्या शिरा वर आल्या. तीनदा फुंकलं. आकडा होता तिथेच.

डॉक्टरीणबाईंनी कागद बाजूला ठेवला. "सगळ्यांनाच उपयोग होतो असं नाही. आपण हे थांबवू या."

टेबलाखाली नवऱ्याचा पाय डागवालीच्या पायावर येऊन बसला. दाबला. तिनं पाय काढून घेतला.

"बाई, मी औषध उकडलं."

"काय केलंत?"

"पोर खोकत होती म्हणून. रोज कुपी गरम पाण्यात ठेवायची. चहाच्या पाण्यात."

"उकळत्या?"

"नुकत्याच उतरवलेल्या. पहिली सोडून सगळ्या." आता थांबणं नव्हतं. "गरम करू नका असं तुमच्या माणसानं सांगितलं नाही, हे मी म्हणणारच. पण मला कळायला हवं होतं. मी दुसऱ्यांना शिव्या घालते याच चुकीसाठी. काय म्हणायचं ते मला म्हणा. पोरीचं औषध काढू नका."

"मीच सांगितलं होतं गरम करायला," भिंगरी मध्येच म्हणाली. ते खोटं होतं. "आई ऐकते माझं. नको तेव्हा."

नवरा जमिनीकडे बघत होता. मग मान वर न करताच म्हणाला, "मी हिला गप्प बस म्हणालो होतो. तेही लिहून घ्या."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. चिडल्या होत्या, ते लपवलंही नाही. "एक महिना! बाहेर किती मुलं..." मग थांबल्या आणि औषध मंजूर करणाऱ्या साहेबांना फोन लावला. "हो, मीच. नाही, औषध फुकट गेलं असं नाही म्हणत मी. औषध दिलंच गेलं नाहीये. हो. आईनं. नाही हो, मुद्दाम कशाला करेल?" पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. डागवालीला त्याचा आवाज ऐकू येत होता, शब्द कळत नव्हते. तिनं भिंगरीचा हात एवढा घट्ट धरला की पोर कुरकुरली.

फोन खाली आला. "पंधरा दिवस. त्यात आकडा हलला पाहिजे. यापुढे आणखी दिवस मागू नका."

"आणि खोकला आला तर?"

"कुपी थोडी आधी बाहेर काढा. मुठीत धरा. मुठीपेक्षा गरम काही नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं स्वतःच फ्रीज उघडला. कुपी मुठीत धरून ओट्यापाशी उभी राहिली. "बर्फ आहे नुसता. आई, तुझी मूठ दे, तू तापट आहेस."

डागवालीनं तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली. चहाचं भांडं तिनं आधीच उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवलं होतं.

मशीन घरघरलं. भिंगरी खोकली. पुन्हा खोकली, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डागवालीचे हात शिवशिवत होते, आणि ती काही करत नव्हती. वीस वर्षांत तिनं एवढं अवघड काम केलं नव्हतं. नवरा दाराशी बूट घालायचा थांबला होता.

बऱ्याच वेळानं भिंगरी बेसिनवर वाकली आणि थुंकली. डागवालीनं नळ सोडला आणि सवयीनं ब्रश उचलला.

कफ पाण्याबरोबर सरकला. सगळा नाही. थोडा कडेला चिकटून राहिला. पण सरकला.

"काय गं?" नवऱ्यानं विचारलं.

"एका दिवसानं काय कळतंय," ती म्हणाली, आणि तिघंही त्या कडेला राहिलेल्या डागाकडे बघत उभे राहिले.