लांबडीचा आवाज

मुकादमबाईंनी कानाची यंत्रं पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा असं नाक मुरडलं, जणू डबीतून मेलेलं झुरळच निघालंय.

"हे कानात घालायचं? मी? मला काय धाड भरलीय!"

लेकीनं कपाळाला हात लावला. आईला ऐकू येत नाही हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त आईला सांगायची सोय नव्हती. बाईंनी चौतीस वर्षं कापडगिरणीच्या विणकाम खात्यात काढलेली, त्यातली शेवटची बारा मुकादम म्हणून. दोनशे मागांचा तिथे असा धडधडाट चालायचा की शेजारणीच्या कानाशी ओरडलं तरी फुकट. त्यामुळे खात्यातल्या बायका आवाजाच्या भानगडीतच पडायच्या नाहीत. तोंड मोठं उघडायचं, ओठ नीट वळवायचे आणि नुसत्या ओठांनी बोलायचं. चार मागांपलीकडची बाई काय म्हणते ते इकडे कळायचं. भांडणंसुद्धा तशीच चालायची, बिनआवाजी, आणि त्यातल्या शिव्या तर फारच स्पष्ट असायच्या. त्या धडधडाटात कान गेले ते गेलेच, पण बाईंना त्याचं सुतक नव्हतं.

"मी डोळ्यांनी ऐकते," त्या ऐटीत सांगायच्या. "तुम्हाला कान असून काय दिवे लावलेत?"

क्लिनिकमधल्या मुलीनं, म्हणजे बाईंच्या भाषेत कानवालीनं, सगळं नीट समजावून सांगितलं होतं. सुरुवातीला रोज थोडाच वेळ घाला, झोपताना काढून कोरड्या डबीत ठेवा, या छोट्या ब्रशनं मळ झाडा, घालून अंघोळीला जाऊ नका. बाईंनी ते तिच्या ओठांवरून वाचलं आणि मनातल्या मनात तिला उडवून लावलं. कालची पोर आणि मला यंत्र झाडायला शिकवते! दोनशे माग झाडून घेतलेत मी, तेही रोज.

आठव्या दिवशी बाई यंत्रं कानात घालूनच तिच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "दोन्ही मेलेली आहेत. एक अक्षर ऐकू येत नाही. घाला चुलीत."

कानवालीनं बाईंच्या कानात डोकावून पाहिलं, टेबलावरचा चिमटा उचलला आणि यंत्रावरून बोटभर कापूस ओढून काढला. मग दुसऱ्या कानातूनही तेवढाच काढला. खात्यात शिरण्याआधी कानांत कापूस कोंबायची चौतीस वर्षांची सवय. यंत्र घसरतंय असं वाटलं की बाईंचा हात आपसूक कापसाकडे जायचा. लेक हसू दाबायला भिंतीकडे वळली, पण तिचे खांदे हलताना बाईंना दिसले. घरी गेल्यावर त्यांनी यंत्रं डबीत टाकली, डबी कपाटात टाकली आणि विषय संपवला.

तो पुन्हा निघाला लांबडीमुळे.

लांबडी म्हणजे बाईंच्या समोरच्या मागावरची. ताडमाड उंच, म्हणून लांबडी. तीसेक वर्षं दोघी समोरासमोर बोलल्या आणि त्यात एकीनंही दुसरीचा आवाज धड ऐकला नाही. गिरणी सुटल्यावर बागेतल्या बाकावर बसूनही दोघींचं ओठांनीच चालायचं. कानानं दोघी सारख्याच, मग उगीच घसा कशाला कोरडा करायचा?

दोन महिन्यांपूर्वी लांबडीला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. बाई दर गुरुवारी भेटायला जायच्या. लांबडी डाव्या हातानं बाईंचं मनगट घट्ट धरायची आणि ओठ हलवायची. जिवाच्या आकांतानं हलवायची. पण त्या वाकड्या ओठांवरून अक्षर म्हणून लागत नव्हतं. पुन्हा पुन्हा एकच काहीतरी सांगते आहे, एवढंच कळायचं. बाई ओठांनी विचारायच्या, "काय हवंय? पाणी? दुखतंय का?" लांबडी बाईंच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघायची आणि मान फिरवायची. घरी आल्यावर बाई सगळा राग लेकीवर काढायच्या.

त्या गुरुवारी लांबडीच्या मुलानं त्यांना खाटेपाशीच गाठलं. हा भल्या मोठ्या मिशांचा. त्या मिशा वरच्या ओठावर अशा लोंबायच्या की निम्मे शब्द त्यातच अडकायचे. म्हणून बाईंशी बोलताना तो एका बोटानं मिशी वर धरायचा. ते बघूनच बाईंचं डोकं उठायचं.

"मावशी, सोमवारी आईला म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवतोय. तिला आता काही समजत नाही. डॉक्टर म्हणाले हात वर करा, हिनं केला नाही. नाव विचारलं तर नुसती बघत राहिली."

"अरे पण ती काहीतरी सांगतेय मला!"

"कसलं सांगतेय? दिवसभर घशातून आवाज काढते. त्याला काही अर्थ नाही."

आणि हे सगळं खाटेवर पडलेल्या आईच्या अंगावरून, ती जणू गादीच आहे! बाईंना त्याच्या मिशा उपटून हातात द्याव्याशा वाटल्या. पण एक गोष्ट त्यांच्या डोक्यात अडकली. लांबडी आवाज काढते? म्हणजे ज्याला धडधाकट कान आहेत तो ठोंब्या तो आवाज ऐकतो आणि सोडून देतो. आणि जिनं सोडला नसता तिच्या कानांची यंत्रं कपाटात पडलीत. वा गं शहाणे! हे शेवटचं बाई स्वतःलाच म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी डबी काढली, ब्रशनं यंत्रं झाडली आणि कापसाचा पुडा लेकीच्या हवाली केला. "लपव. मी मागितला तरी देऊ नकोस."

"कानवाली म्हणाली होती, सवय व्हायला महिना लागतो."

"माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे. कानवालीला म्हणावं, तू महिनाभर बस."

ते तीन दिवस म्हणजे निव्वळ छळ होता. नळ सोडला की पत्र्यावर खडी ओतल्यासारखं वाटायचं. लेकीची चप्पल फटाफट वाजायची, भांडी तर अंगावर धावून यायची. आणि स्वतःचं चावणं! इतकी वर्षं आपण असं कचाकचा खातो आणि कुणी बोललं नाही? डोकं ठणकायला लागलं की बाई तासभर यंत्रं काढायच्या, पुसून डबीत ठेवायच्या, पुन्हा घालायच्या. लेकीला समोर बसवून वर्तमानपत्र वाचायला लावायच्या, तेही तोंडासमोर धरून. नाहीतर डोळे आपले ओठांकडे पळायचेच. शुक्रवारी दहातला एक शब्द लागला. शनिवारी पाच. रविवारी सकाळी एक अख्खं वाक्य लागलं, तर ते गटाराच्या कामाविषयी होतं.

"एवढ्यासाठी मेहनत केली!" बाई म्हणाल्या, आणि चपला घालून निघाल्या.

लांबडीच्या घराचं दार उघडंच होतं. आतून सुनेचा आवाज आला, "आल्या बघा. आता दोन बहिऱ्यांचं नाटक सुरू."

"पहिल्या रांगेत बस," बाई आत येत म्हणाल्या. "ऐकू आलं मला."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंना पुढे आठ दिवस पुरेल इतका आनंद झाला, पण तो चघळायला वेळ नव्हता. त्या खाटेवर बसल्या, कान लांबडीच्या तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटले.

पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणीतरी गाडी चालू करत होतं. सून भिंतीला टेकून सुस्कारे सोडत होती. लांबडीचा मात्र श्वास तेवढा ऐकू येत होता. बाईंनी डोळे उघडले तर लांबडीचे ओठ हलतायत, जोरजोरात हलतायत, आणि आवाजाचा पत्ता नाही! घरच्यांपुढे दिवसभर घसा फोडणारी ही बया, मैत्रीण आली की मात्र खात्यातल्यासारखी मुकाट ओठ हलवते. जन्माची सवय. बाईंना हसावं की रडावं कळेना.

"अगं मूर्खे, आवाज काढ!" त्या ओरडल्या. लांबडी नुसती त्यांच्या तोंडाकडे डोळे बारीक करून बघत राहिली.

मग बाईंनी तिचा डावा हात उचलला, तळवा स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि मोठ्यानं बोलल्या, "असा. असा आवाज." गळा थरथरला. तोच हात त्यांनी लांबडीच्या गळ्यावर ठेवला, मग तिची बोटं आपल्या कानातल्या यंत्रावर नेली. लांबडी चाचपत राहिली. थोड्या वेळानं तिच्या कपाळावरची आठी गेली.

आणि आवाज आला. घोगरा, जाड, एखाद्या बाप्याचा असावा तसा. बाईंनी मनातल्या मनात तिला इतकी वर्षं बारीक, किनरा आवाज देऊन ठेवला होता. शब्द चिखलातून पाय उपसावा तसा एकेक तुकडा करत बाहेर पडला. बाईंनी तीनदा म्हणायला लावला तेव्हा कुठे लागला.

चष्मा.

बाईंनी लांबडीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता. गेली सहा वर्षं बाकावर बसताना नाकावर असायचा तो जाड भिंगांचा चष्मा दोन महिने नव्हता आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. जिचे डोळे हेच कान, तिला बहिरी आणि आंधळी करून टाकली होती आणि वर म्हणायचं, हिला समजत नाही! डॉक्टर काय बोलला ते हिनं कशावरून वाचायचं, भिंतीवरून? मुलगा गाढव, सून गाढव, ते ठीकच. पण आपणही दर गुरुवारी येऊन या बाईच्या तोंडासमोर ओठ नाचवत बसलो. पडलेल्या माणसाला चष्मा कशाला, असं आपल्याही मनानं गुपचूप धरलं होतं. बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. डोळे भरून आले ते त्यांनी बाहीनं पुसले.

"चष्मा कुठाय हिचा?"

मुलगा आतून आला. हॉस्पिटलमधून आणलेली पिशवी कपाटावर तशीच गाठ मारून पडली होती. तिच्यात सपाता, कंगवा, कागदांची फाईल आणि तळाशी चष्मा. बाईंनी कानाच्या ब्रशनं भिंगांवरची धूळ झाडली, पदरानं पुसली आणि चष्मा लांबडीच्या नाकावर बसवला.

लांबडीनं आधी छताकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग बाईंकडे. बाईंनी आवाज न काढता, खात्यातल्यासारखं, ओठांनी सांगितलं, "हा म्हणतो, तुला काही समजत नाही. उद्या संस्थेत टाकणार आहे."

लांबडीनं ते वाचलं. एकदाच वाचलं, पुन्हा विचारलं नाही. सावकाश मान वळवून तिनं मुलाकडे बघितलं.

"आई, तसं नाही गं," तो मिशीतल्या मिशीत पुटपुटला. बोट लावायचंही विसरला. "आम्हाला वाटलं की..."

लांबडीचा घसा खरखरला. या वेळी तिनं आवाज काढला, चांगला खणखणीत, आणि शब्द वाकडे असले तरी खोलीतल्या प्रत्येकाला लागले.

"आधी मिशी काप. मग बोल."

सून मुकाट्यानं कात्री शोधायला गेली.