नमुन्यांच्या पेटीतला रावस

मित्रांनो, आधी नाक दाबा. मी विद्यापीठाची एक जुनी पेटी आहे आणि माझ्या पोटाला माशाचा वास येतो. पण मी मासे नेण्यासाठी जन्मलेच नाही हो! मी रोगाचे नमुने नेते.

कारखान्यात माझ्या झाकणाला रबर लावलं आणि अंगावर पिवळी चिठ्ठी चिकटवली: 'जैविक नमुने. खाद्यपदार्थ ठेवू नयेत.' तेव्हा माझा काय थाट होता! रक्त असो, पू असो, आधी घट्ट बुचाच्या नळीत. नळी कापसात गुंडाळून डब्यात. आणि डबा माझ्यात. रुचिका नावाची संशोधक मुलगी प्रत्येक खेपेनंतर मला औषधानं पुसायची. "आमची पेटी म्हणजे तिजोरी," असं कौतुकानं सांगायची.

पुढे चिठ्ठी फिकी पडली आणि लोकांना मी नुसता थंड डबा वाटू लागले. कुणी ताक ठेवलं, कुणी जेवणाचा डबा. शी! काल जिथे पू होता तिथे आज भाकरी? मला शिसारी यायची, खाणाऱ्याला मात्र काही वाटायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात रुचिका आणि तिचे वरिष्ठ निकेत सर मला घेऊन रेवदंड्याला गेले. तिथल्या चांगदेव नावाच्या कोळ्याला माशाचा काटा लागून त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता. औषधं लागू पडत नव्हती. जंतू कोणता ते लवकर कळलं तर नेमकं औषध देऊ, नाहीतर बोटं कापावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले होते.

रुचिकानं जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला. "सर, खाडीतले जंतू गारठ्यात मरतात. बर्फ अजिबात नको. आणि आजच प्रयोगशाळेत द्या," असं बजावून ती पाण्याच्या नमुन्यांसाठी मागे थांबली.

कोळीवाड्यातून पाहुणा रिकाम्या हातानं जात नाही. चांगदेवची बायको ठमाबाई मोठा रावस घेऊन धावत आली.

"सायेब, घरात दुसरं काय न्हाय. ह्यांचा हात तेवढा वाचवा."

"अहो, कशाला, कशाला," म्हणत सरांनी रावस माझ्यातच कोंबला. रेवसच्या धक्क्यावर मुंबईची लाँच पकडताना वरून भरपूर बर्फ ओतून घेतला. थू! एका बाजूला माणसाचा पू, दुसऱ्या बाजूला यांचं जेवण! लाँच भाऊच्या धक्क्याला लागली आणि सर प्रयोगशाळेत न जाता सरळ घरी गेले. घरी रावस तळला, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला. चांगदेवचा नमुना सकाळपर्यंत माझ्यात बर्फाच्या पाण्यात पडून होता.

प्रयोगशाळेत काहीच उगवलं नाही. दुसरा नमुना रुचिका स्वतः घेऊन आली, बर्फाशिवाय. जंतू सापडला, औषध मिळालं, हात वाचला. पण तोवर दोन बोटं कापावी लागली होती.

मला धुताना रुचिकाला रबराखाली खवले मिळाले. रावस, बर्फ, तिला सगळं कळलं. पुढे चांगदेवला बघायला सगळे गेलो तेव्हा ठमाबाईनं विचारलं, "ताय, पयल्यांदाच कसं न्हाय गावलं?"

सर म्हणाले, "होतं असं कधीकधी."

"असं होत नाही, मावशी," रुचिका म्हणाली. "पेटीत बर्फ घातला, त्यानं जंतू मेले."

"बर्फ कशापायी?"

ठमाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मग सरांकडे.

"माझ्या रावसापायी?"

"तुझी काय चूक न्हाय त्यात," चांगदेव म्हणाला. पण ती उठून आत निघून गेली. त्या सरांची मला इतकी किळस आली की काय सांगू!

मित्रांनो, घरी मासे न्यायचे तर पिशवी घ्या. माझ्यात दुसऱ्याचा जीव असतो. मला धुवा, पुसा, माझी चिठ्ठी नवी लावा आणि ती वाचा.

परवा मी रुचिकाबरोबर पुन्हा तिकडे गेले. ठमाबाईनं चहा दिला. निघताना तिचा हात ताज्या बोंबलांच्या टोपलीकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला आणि पदराला पुसला.