स्पिरिटच्या डब्याला लागलेले कुलूप

मित्रांनो, पॉलिशच्या कारखान्यात खिडकीखाली पत्र्याचा एक जुना डबा ठेवलेला दिसतो ना, तोच मी. पूर्वी माझ्या पोटात वीस लिटर स्पिरिट असे. आता मी रिकामा आहे, तरी माझ्या झाकणाला कुलूप आहे. येणारी-जाणारी माणसे हसून विचारतात, "रिकाम्या डब्यात सोनं ठेवलंय की काय?" घरातले कोणी उत्तर देत नाही. ते मीच तुम्हाला देतो, कारण या कुलपाचे माझ्यावर आणि या घरावर फार उपकार आहेत.

मला एका म्हाताऱ्या पत्राकाम करणाऱ्याने घडवले. त्याने पत्रा कापला, वाकवला, सांधे झाळले आणि मग मला पाण्याच्या हौदात बुडवून धरले. कुठून बुडबुडा येतो का, ते तो डोळे बारीक करून पाहत होता. एकही आला नाही. "हा थेंबभरही गळायचा नाही," असे म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. आयुष्यातले ते पहिले कौतुक मी अजून विसरलो नाही.

मला विकत घेतले ते लाकडाला पॉलिश करणाऱ्या दोन भावांनी. थोरल्याला सारी गल्ली दादा म्हणे. धाकट्याचे खरे नाव कोणी घेतच नसे. त्याने पॉलिश केलेल्या टेबलात बघून माणसाने भांग पाडावा, अशी त्याची कामगिरी. म्हणून त्याचे नाव पडले आरसा. कारखाना म्हणजे घराचीच पुढची लांब खोली. तिला एक मोठी खिडकी होती, चार उभ्या गजांची. दादांची बायको, म्हणजे आरशाच्या वहिनी, आतून सगळ्यांवर नजर ठेवून असत.

स्पिरिटमध्ये लाख भिजत घालायची, ती विरघळली की गाळायची, मग कापसाचा बोळा मलमलच्या फडक्यात बांधून लाकडावर फिरवायचा. असा एक हात, मग दुसरा, मग तिसरा. मधल्या वेळात लाकूड वाळू द्यायचे. काम पुरे झाले की नाही, हे ठरवायची दादांची एक रीत होती. टेबलाच्या कडेला खाली वाकायचे आणि पृष्ठभागावर खिडकी दिसते का ते बघायचे. चारही गज सरळ आणि स्पष्ट दिसले, की काम झाले. गज पुसट दिसले, की आणखी एक हात. शाळेची कपाटे, दवाखान्याची बाके, कोणाचा पाळणा, अशी किती लाकडे माझ्यातल्या स्पिरिटने चकाकली. तेव्हा मला माझा अभिमान वाटे.

पण मित्रांनो, एक गोष्ट मला ठाऊक होती आणि दुसऱ्या कोणालाच नव्हती.

दुपारी वहिनी जेवायला हाक मारत. दादा उठत. आरसा म्हणे, "तू हो पुढे, मी हात धुऊन येतो." मग तो माझे झाकण फिरवी, एका पेल्यात थोडे स्पिरिट ओती, त्यात पाणी घाली आणि भिंतीकडे तोंड करून पिऊन टाकी. सुरुवातीला कधीतरी, मग रोज. माझ्यातले ते स्पिरिट लाकडासाठी होते. ते कोणी पिऊ नये म्हणून त्यात मुद्दाम विष मिसळलेले असते. प्रत्येक वेळी झाकण फिरले की मला वाटे, आता तरी आपण गळायला हवे होते. पण म्हाताऱ्याने मला फार चांगले झाळले होते.

हळूहळू आरसा चहा कपाच्या बाहेर ओतू लागला. वहिनी म्हणत, "भाऊजी, लग्न करा आता. म्हणजे लक्ष ठिकाणावर येईल." तो हसे. मी मात्र ओळखून होतो. त्याची नजर मंद होत चालली होती, आणि ती माझ्यातल्या स्पिरिटनेच जात होती.

अशात सरकारचा नियम आला. दूरच्या एका वस्तीत कोणीतरी पिंपेच्या पिंपे स्पिरिट घेऊन, रंग घालून दारू म्हणून विकले होते. कितीतरी माणसांचे डोळे गेले, काही तर घरी परतलीच नाहीत. म्हणून ठरले, की पाच लिटरच्या वर स्पिरिट हवे असेल तर परवाना काढायचा. दारूच्या बाटल्याही एका माणसाला एका वेळी सहाच.

दुसऱ्या दिवशी दादा मला घेऊन स्पिरिट आणि दारू विकणाऱ्या दुकानावर गेले. तिथे ही गर्दी जमलेली. मेजवान्यांचा कंत्राटदार सर्वांत तापला होता. "दोनशे पाहुण्यांना सहा बाटल्या? त्या काय डोळ्यांत घालू मी?"

"घरातल्या सगळ्यांना रांगेत उभं करा की," एकजण म्हणाला. "सासूबाईंनाही आणा."

"सासूबाई सहा घेतील हो. पण त्या आमच्या हाती लागतील याचा नेम नाही."

सगळे हसले. अत्तरवाला म्हणाला, "माझ्या अत्तरात कोणी पाव बुडवून खात नाही. मला कशाला परवाना?" एक धुणेवाली रस्त्याने चालली होती. ती थांबली आणि म्हणाली, "आमच्या घरी आता सहाच येणार ना? मग बरा आहे नियम." ती निघून गेली आणि लोक पुन्हा नियमाला नावे ठेवू लागले.

दादांचा राग तर अनावर झाला होता. पाच लिटरमध्ये त्यांचे काम कसे भागणार? त्यांनी सगळ्या कारागिरांना गोळा केले आणि परवान्याच्या कचेरीवर मोर्चा काढला. मोर्चाला वाजवायला काही नव्हते. दादांनी मला खांद्याला लटकवले आणि माझ्या रिकाम्या पोटावर काठी हाणायला सुरुवात केली. "आमच्या पोटावर पाय देऊ नका," असे लोक ओरडत आणि माझ्या पोटावर दणका बसे. मित्रांनो, काय माझी स्थिती झाली असेल. नियमाविरुद्ध सर्वांत मोठा आवाज माझा होता, आणि तो नियम सर्वांत जास्त हवा होता तो मलाच. दादांच्या बाजूला चालत होता आरसा. तोही ओरडत होता. त्या दिवशीचा पोचा माझ्या पोटावर अजून आहे.

कचेरीतल्या अधिकारी बाई खाली आल्या. चष्मा कपाळावर, हातात अर्धी राहिलेली पोळी. त्या जेवणावरून उठून आल्या होत्या. त्यांनी सर्वांचे ऐकून घेतले. "कामासाठी लागतं त्याला परवाना मिळेल, आठ दिवसांत. पण डब्याला कुलूप हवं आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाजवळ हवी."

"कुलूप कोणासाठी?" दादा म्हणाले. "कारखान्यात आम्ही घरचीच माणसं."

"कुलूप घरच्यांसाठीच लावायचं असतं," बाई म्हणाल्या. "चोर काय, ते तोडेल. बरं, एक टेबल आणि सहा खुर्च्यांना तुम्हाला किती स्पिरिट लागतं?"

"पाच लिटर," दादा छातीठोकपणे म्हणाले.

मागून पलीकडच्या गल्लीतला म्हातारा पॉलिशवाला खोकला. "पाच? मला तीन पुरतं. तुझं लाकूड फार प्यायला लागलंय वाटतं."

गर्दीत हशा पिकला. दादाही हसले. "आमच्याकडे हात जास्त देतात, काका." पण घरी परतताना त्यांनी मला एकदाही वाजवले नाही. वाटेत त्यांनी आरशाला विचारले, "तीनात कसं भागतं रे त्यांचं?" आरसा म्हणाला, "खोटं बोलतोय म्हातारा."

आठ दिवसांत परवाना आला. लोहाराने माझ्या झाकणाला कडी बसवली, दादांनी कुलूप घातले आणि किल्ली वहिनींजवळ दिली. त्या ती गळ्यातल्या दोऱ्यात अडकवत. पहिल्या दुपारी जेवणाची हाक आल्यावर आरशाने सवयीने माझ्या झाकणाला हात घातला. कुलूप हाताला लागताच तो थबकला. मग माझ्या शेजारी बसून राहिला. पुढचे काही दिवस त्याचे हात थरथरत, कपाळावर घाम येई. वहिनींना वाटले ताप आहे. त्या काढा देत राहिल्या.

असे पंधरा दिवस गेले. एका सकाळी वावटळ सुटली. ओल्या पॉलिशवर धूळ बसली तर सगळे काम वाया जाते, म्हणून वहिनींनी खिडकीची लाकडी दारे लावून घेतली आणि दिवा लावला. ग्रंथालयाचे मोठे टेबल होते. आरशाने शेवटचा हात दिला. दादा कोपऱ्यात दुसऱ्या एका टेबलाचे पाय घासत होते. मान वर न करता त्यांनी नेहमीसारखे विचारले, "बघ रे, दिसते का खिडकी?"

आरसा खाली वाकला. "दिसते की. चारही गज सरळ."

दादांचा हात थांबला. त्यांनी बंद खिडकीकडे पाहिले, मग भावाकडे. तो अजून वाकूनच उभा होता.

"किती दिवस झाले?" दादांनी विचारले.

"कशाला?"

"तुला गज दिसत नाहीत त्याला."

आरसा चाचपडत माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्या कुलपावर हात ठेवला. "हे आधी लागायला हवं होतं, दादा."

दादांना त्या म्हाताऱ्या पॉलिशवाल्याचे बोलणे आठवले असावे. "तीन लिटर," ते पुटपुटले. दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी सगळे ऐकले होते. त्या रागावल्या नाहीत, रडल्याही नाहीत. "चपला घाला, भाऊजी," एवढेच त्या म्हणाल्या आणि त्याचा हात धरून थेट डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, गेलेली नजर परत येणार नाही. पण पंधरा दिवसांपूर्वी पिणे थांबले म्हणून उरलेली टिकेल. आणखी महिनाभर चालले असते, तर काहीच उरले नसते. दादांनी ते पंधरा दिवस पुन्हा पुन्हा बोटांवर मोजले. दर वेळी मोजणी माझ्या कुलपाशी येऊन थांबे.

पुढच्या महिन्यात कारागीर पुन्हा मोर्चासाठी बोलवायला आले. "डबा घ्या, दादा. त्याच्याशिवाय रंगत नाही."

"परवाना पंधरा दिवसांत नको, दोन दिवसांत द्या, असं म्हणायला येतो मी," दादा म्हणाले. "नियम काढा म्हणायला येणार नाही. आणि डबा रिकामा नाही."

"आठ दिवसांत देतात हो, पंधरा नाही," कोणीतरी म्हणाले.

"हां, आठ," दादा म्हणाले. त्यांच्या डोक्यात पंधराच बसले होते.

एकदा दादा भावाला घेऊन त्या बाईंचे आभार मानायलाही गेले. बाईंना ते आठवले नाहीत. "कोणता डबा?" त्या म्हणाल्या. तरी दादा हात जोडून आले.

आरसा आता लाकूड घासायचे काम करतो. त्याची बोटे इतकी तयार झाली आहेत, की डोळसाला न सापडणारा खडबडीतपणा त्याला सापडतो. पॉलिशचा हात दादा देतात, गज दादाच बघतात. गल्ली मात्र त्याला अजून आरसाच म्हणते. एका सांध्यावर मला गंज चढला तेव्हा नवा डबा आला, त्यालाही कुलूप लागले. मला भंगारात द्यायचे ठरले होते. आरसा म्हणाला, "राहू दे त्याला. कुलूपही राहू दे."

मित्रांनो, मी ऋणी आहे मला घडवणाऱ्या म्हाताऱ्याचा, खोकणाऱ्या पॉलिशवाल्याचा, जेवण सोडून उठलेल्या बाईंचा आणि कारण न विचारता चपला घालायला सांगणाऱ्या वहिनींचा. तुम्हाला माझे एवढेच सांगणे आहे. स्पिरिट, औषध, रॉकेल, असे जे जे घरात असेल ते कुलपात ठेवा, आणि त्यात कोणावर अविश्वास आहे असे मानू नका. आणि घरातले कोणी भिंतीकडे तोंड करून काही पिताना दिसले, तर घरातल्या मोठ्यांना सांगा. मला इतकी वर्षे सांगायचे होते, पण मला नुसते झाकण होते. तुम्हाला तोंड आहे.

रोज सकाळी आरसा कामाला बसण्याआधी खिडकी उघडतो आणि माझ्या पोटावरचा पोचा बोटांनी चाचपतो. मग कुलूप एकदा ओढून बघतो. ते लागलेलेच असते.