झरणा दात काढत नाही

हर्षिदाच्या एका पत्राला मी दोन महिने उत्तर लिहिले नव्हते. पत्र लहानच होते. खुशालीच्या दोन ओळी, आणि शेवटी: 'मामा, झरणा अजून दात काढत नाही. गळथूथी तुम्ही दिलीत ना, म्हणून, असं घरात सगळे म्हणतात. काय करू ते लिहा.'

हर्षिदा माझी भाची, महुव्याजवळच्या खेड्यात दिलेली. झरणा तिची पहिली मुलगी, तेव्हा अकरा महिन्यांची. ती जन्मली त्या दिवशी तिच्या जिभेवर गुळाच्या पाण्याचे पहिले बोट मी टेकवले होते. हीच गळथूथी. ती जो देतो त्याचा गुण मुलाला लागतो, म्हणून लोक घरातला हसरा, कर्तबगार माणूस शोधतात. हर्षिदाने मला धरले. मामांनी भावनगरच्या वाचनालयात तीस वर्षे काढली, पोरगी वाचणारी निघेल, असे तिचे म्हणणे. मी नको नको म्हणत होतो, पण धड नकार देणे मला कधीच जमलेले नाही.

आमच्याकडे हसण्याला दात काढणेच म्हणतात. त्यामुळे पत्र वाचून मला एकच अर्थ लागला. मुलगी हसत नाही. लग्नकार्यात मी चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहतो, कोणी विनोद सांगितला तर तो संपला की नाही हे मला कळत नाही. तेच सगळे माझ्या बोटावरून त्या जिवात उतरले, असे मला वाटले. याला काय उत्तर लिहिणार? चार वेळा लिहायला बसलो. एकदा क्षमा मागितली, एकदा बालसंगोपनाच्या पुस्तकातला उतारा काढला. दोन्ही फाडले. मग उशीर झाल्याचीच लाज इतकी वाढली की पत्र नजरेआड करून ठेवले.

पण मुलगी डोळ्यांपुढून हलेना. शेवटी एका रविवारी महुव्याची बस धरली.

हर्षिदा ओसरीवर शेंगा सोलत होती, झरणा तिच्या मांडीवर. मी खाली मान घालून आत आलो आणि समोर बसलो. झरणाने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग पुढे झुकून चष्म्याची दोरी पकडली, ओढली, आणि हसू लागली. खांदे, पोट, पाय, सगळी हसत होती. उघड्या तोंडात नुसत्या गुलाबी हिरड्या.

"ही हसते," मी म्हणालो.

"दिवसभर. मांजर दिसलं तरी हसते. का?"

"तू लिहिलं होतंस, दात काढत नाही."

हर्षिदा माझ्याकडे बघतच राहिली. "मामा, दात म्हणजे दात. तोंडातले. वर्ष उलटून गेलं, अजून एक नाही."

तिच्या सासूबाई, सविताबेन, पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेला माझ्यापुढे ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका, मनहरभाई, पण त्या दिवशी तुम्ही कवळी घरी विसरून आला होतात. बोळक्या माणसानं गळथूथी दिली, मग पोरीचंही बोळकंच राहायचं."

मला हसू आले, आणि ते दाबावेसे वाटले नाही. सविताबेनही पदर तोंडाला लावून हसल्या. हर्षिदा मात्र हसली नाही. तिची काळजी होती तिथेच होती. दोन महिने तिने रोज टपालवाल्याला विचारले होते, हे मला तेव्हा कळले. हिरड्या मोकळ्या व्हाव्यात म्हणून सविताबेन झरणाला फडक्यात गुळाचा खडा बांधून चोखायला देत होत्या. ते योग्य की अयोग्य, हे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंना विचारून लिहीन, एवढेच म्हणालो.

"नक्की लिहाल?" हर्षिदाने विचारले. तिचा विश्वास बसलेला दिसला नाही, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी माझी कवळी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलगी खाते का, वाढते का, उभी राहते का, असे त्यांनी विचारले. सगळ्याला मी हो म्हणालो, गुळाच्या खड्याचेही सांगितले. मग त्या म्हणाल्या, काही मुलांना दात उशिराच येतात. ती दीड वर्षाची होईपर्यंत वाट पाहा, तोवर एकही आला नाही तर मुलीला घेऊन या. गुळाचा खडा आजपासून बंद, त्याने दात लवकर येत नाहीत, उलट आलेले किडतात. बोटाला स्वच्छ ओले फडके गुंडाळून हिरड्या पुसायच्या, सकाळी आणि झोपण्याआधी. दात दिसला की लहान मऊ ब्रश.

निघताना मी कसेबसे गळथूथीचे विचारले.

"काका, मला गळथूथी माझ्या आजोबांनी दिली," त्या म्हणाल्या. "त्यांच्या तोंडात तेव्हा एकही दात नव्हता." आणि त्या हसल्या. त्यांचे सगळे दात जागेवर होते.

घरी येऊन टोपीही न काढता लिहायला बसलो. डॉक्टरीणबाईंनी सांगितले तसेच, त्याच क्रमाने लिहिले. गुळाच्या खड्याबद्दल सविताबेनना वेगळ्या चार ओळी लिहिल्या, आधी नमस्कार, मग विनंती. काळजी करण्यासारखे काही नाही, ही ओळ हर्षिदाच्या पत्रात दोनदा आली होती. त्यातली एक खोडावी असे वाटले, पण खोडली नाही. कच्चा खर्डा केला नव्हता, पुन्हा वाचायला घेतले असते तर पाठवणे झाले नसते.

पाकीट चिकटवून तसाच कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो आणि आत टाकले.