अर्ध्या भाकरीचा ठिपका

"एवढ्या मोठ्या कागदावर एकच ठिपका? मुंगी बसल्यागत दिसतोय की!" तव्यावरची भाकरी उलटत बसव्वा म्हणाली.

गल्ल्याच्या टेबलावर आलेखाचा कागद पसरून तिची नात पवित्रा रडकुंडीला आली होती. "अज्जी, स्थिर बहुपदीचा आलेख काढायचाय. y बरोबर शंभर. त्यात x कुठंच न्हाई. मग ठिपका पुढं न्यायचा कसा?"

बसव्वानं तिसरीतच शाळेला रामराम ठोकला होता. पण आपल्याला कळणार नाही असं जगात काही असतं, हे तिला अजून कुणी पटवून दिलं नव्हतं. शिरोली एमआयडीसीच्या रस्त्याला तिची खानावळ होती. दारावर पाटी: पोटभर ताट, शंभर रुपये. भाकरी कितीही खा. ती पाटी बदलायचा विषय मुलानं एकदाच काढला होता. त्यानंतर तो पाटीकडं मान वर करून बघतही नसे.

"ह्यो तुझा x म्हंजे असतोय काय?"

"काहीबी. आपण धरू ते."

"मग भाकरी धर. आडव्या रेघंवर भाकरी, उभ्या रेघंवर पैसं. एक खाल्ली तर किती?"

"शंभर."

"चार?"

"शंभरच."

"त्या कोपऱ्यात जेवायचा त्या कृष्णातनं नऊ हाणल्या तर?"

"शंभर..." पवित्राचा हात थांबला. "म्हंजे x हाय, पण y त्याचं ऐकतच न्हाई?"

"माझ्या खानावळीत माझ्याबिगर कुणाचं चालतंय? लाव ठिपकं!"

ठिपके लागले, त्यांवरून पट्टी ठेवून रेघ ओढली. ना चढ, ना उतार. खालच्या अक्षाला समांतर, सरळ आडवी. बसव्वानं कागद हातभर लांब धरून पाहिला. सून पसंत करतानासुद्धा तिनं इतकी मान डोलावली नव्हती.

तेवढ्यात दारात कृष्णात दिसला. फौंड्रीत साचे करणारा मोल्डर, वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात जेवणारा. नववी भाकरी संपली की हा ताटावर पालथा पंजा धरायचा. 'बास' म्हणायची ती त्याची रीत. पोटाचं ऑपरेशन झाल्यावर आज पहिल्यांदाच आला होता. जुना शर्ट अंगावर उसना घेतल्यासारखा लोंबत होता.

बसव्वानं न विचारताच त्याला अर्धी भाकरी वाढली. सगळ्यांवर ओरडायची तशी 'आणि वाढू का?' म्हणून एकदाही ओरडली नाही. जेवून त्यानं शंभराची नोट ठेवली, तर तिनं पन्नास परत सरकवले.

"हे काय, अव्वा?"

"अर्धी तर खाल्लीस. शंभर कशाचं?"

"नऊ खात हुतो तवा जास्ती घेतलासा का?"

"न्हाई."

"मग आता कमी का? माझी कीव करतायसा व्हय? तसं आसंल तर उद्यापासनं दुसरी खानावळ बघतो."

आवाज चढला नव्हता, तरी जेवणाऱ्यांचे हात थांबले. कृष्णातची नजर पन्नासाच्या नोटेवर होती आणि पाय दाराकडं.

पवित्रा कागदावर वाकली होती. "अज्जी," ती हळूच म्हणाली, "अर्धीचा ठिपकाबी त्याच रेघंवर पडतोय."

बसव्वानं कागदाकडं पाहिलं, मग कृष्णातकडं. पन्नासाची नोट उचलून तिनं गल्ल्यात टाकली, शंभराची तिच्यावर, आणि झाकण धाडकन आपटलं.

"मग लाव की तिथं! आणि तू रं, उभा काय ऱ्हायलास? ताटात चटणी तशीच टाकून उठलास. माझ्या खानावळीची बदनामी करतोस व्हय?"

कृष्णात पुन्हा खाली बसला. चटणी बोटानं पुसून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा खानावळ भरलेली होती. बसव्वा भाकऱ्यांची टोपली कमरेवर घेऊन एकेकाच्या पुढं थांबत कोपऱ्यापर्यंत आली आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडली, "कृष्णात, आणि वाढू का रं?"

त्यानं अर्ध्या भाकरीचा शेवटचा घास तोंडात टाकला. मग नववीनंतर धरायचा तसा, ताटावर पालथा पंजा धरला.